अभिप्रायार्थ सप्रेम भेट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडे परीक्षणासाठी तीन पुस्तकं आली आहेत: एक गझलसंग्रह, एक नर्मदा परिक्रमेचं प्रवासवर्णन आणि किंडलवरची एक कादंबरी. तिन्ही लेखकांनी पदरमोड करून काढलेली. अशा पुस्तकांना थोडं सांभाळून घ्यावं का, असं तू विचारलंस. माझं उत्तर 'नाही' असं आहे. सांभाळून घेतलंस तर तुझ्या शब्दावर अडीचशे रुपये खर्च करणारा वाचक फसतो आणि लेखकाला पुढच्या पुस्तकासाठी काहीच हाती लागत नाही. मात्र पुस्तक कसं तयार झालं हे तुला नीट कळलेलं हवं. नाहीतर डीटीपीवाल्याचा (अक्षरजुळणी करणाऱ्याचा) दोष तू लेखकाच्या माथी मारशील.

वाचायला बसण्याआधी तिघांनाही चार ओळी लिही. पुस्तक मिळालं, लिहीनच असं नाही, लिहिलं तर आवडलं-नावडलं दोन्ही लिहीन, छापून येण्याआधी मजकूर दाखवणार नाही, मानधन किंवा भेटवस्तू घेणार नाही. तारीख देणार असशील तर पाळता येईल अशीच दे. नंतरचे बहुतेक रुसवेफुगवे या चार ओळी न लिहिल्यामुळेच होतात. आपल्या नियतकालिकांत 'साभार पोच' हे सदर असतं, ते याचसाठी: पुस्तक मिळाल्याची नोंद वेगळी, त्यावरचं मत वेगळं.

परीक्षणात प्रत लेखकाकडून भेट आल्याचं सांग, आणि ते शेवटच्या ओळीत दडवू नकोस. लेखक ओळखीचा असेल, एकाच व्हॉट्सॲप गटात असाल, त्याने तुझ्या कवितांवर कधी लिहिलं असेल, तर तेही सांग. नातेवाईक किंवा जवळचा मित्र असेल तर लिहूच नकोस. ॲमेझॉनच्या नियमांप्रमाणे लेखकाच्या घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय चालत नाहीत. फुकट प्रत चालते, पण तिच्या बदल्यात अभिप्रायाची अट घालता येत नाही. 'तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो' हा व्यवहारही तिथे निषिद्ध आहे. आपल्याकडे तो सर्रास चालतो, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या पुस्तकाचं होतं. कारण खऱ्या कौतुकावरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.

आता शुद्धलेखन. 'पुस्तकात खूप चुका आहेत' हे वाक्य निरुपयोगी आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणची प्रत्येकी पाच पानं घे, पेन्सिलीने खुणा कर आणि मोज. पंधरा पानांत चार चुका असतील तर त्याचा उल्लेखही नको. साठ असतील तर आकड्यासकट लिही. मग त्या चुकांची जात बघ. 'दुसऱ्या'ऐवजी 'दुसर्या', 'करणाऱ्या'ऐवजी 'करणार्या' असं सगळीकडे एकसारखं दिसलं, तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ते झालेलं असण्याची शक्यता मोठी. तो अक्षरजुळणीचा दोष, आणि नव्या आवृत्तीत एका दिवसात दुरुस्त होण्यासारखा. 'आणि'चा 'आणी' होणं, एकच नाव एका पानावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ येणं, हे मुद्रितशोधन न झाल्याचं लक्षण. वाक्याचा कर्ता हरवणं, एकच प्रसंग तीन प्रकरणांत पुन्हा येणं, हे संपादक नसल्याचं लक्षण. या तिसऱ्या जातीबद्दल सविस्तर लिही, कारण वाचकाला त्रास तिचाच होतो. पात्रांच्या तोंडच्या वऱ्हाडी किंवा मालवणीला मात्र प्रमाणभाषेची फूटपट्टी लावू नकोस. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार शुद्धलेखनाचे नियम निवेदनाला लाव, बोलीतल्या संवादांना नव्हे.

किमतीबद्दलही असंच तारतम्य हवं. हजाराऐवजी दोनशे प्रती छापल्या की प्रतीमागचा खर्च वाढतोच. पानं आणि किंमत दोन्ही दे; महाग वाटलं तर तसं म्हण, पण लेखक नफेखोर आहे असं सुचवू नकोस. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असला म्हणून पुस्तक दर्जेदार ठरत नाही आणि नसला म्हणून कमअस्सलही नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

गझलसंग्रहात आधी कवीने दिलेला शब्द तपास. मुखपृष्ठावर 'गझल' म्हटलंय, म्हणजे मोजणी आलीच. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या (दोन ओळींच्या कडव्याच्या), दोन्ही ओळींत आणि पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द) आहे का, सगळे शेर एकाच वृत्तात आहेत का, हे लघु-गुरू मांडून बघ. सगळ्यात जास्त घसरते ती अलामत, म्हणजे यमकाच्या अक्षराआधीचा सारखा राहणारा स्वर. मतल्यात 'घर' आणि 'स्वर' असतील तर 'र'च्या आधीचा 'अ' बांधला गेला. चौथ्या शेरात 'दूर' आलं की ती मोडली. दहा गझला अशा तपास, आणि किती ठिकाणी मोडली ते सांग. तंत्र बिनचूक असून शेर कोरडा निघाला तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिही. चांगला शेर सापडला तर तो पूर्ण उद्धृत कर. परीक्षणासाठी उचित प्रमाणात उतारा घ्यायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 परवानगी देतं. पण अख्खी गझल छापू नकोस. एक-दोन शेर पुरेत.

परिक्रमेच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. इथे श्रद्धा आणि शारीरिक कष्ट यांच्यापुढे परीक्षक दबून जातो. तीन महिने चालणं ही मोठीच गोष्ट आहे, पण तू परिक्रमेचं परीक्षण करत नाहीस, पुस्तकाचं करतो आहेस. अनुभूतीवर वाद घालू नकोस. भूगोल मात्र तपास. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठे ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. मग ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला निघालेला लेखक चौथ्या-पाचव्या मुक्कामाला महेश्वरच्या घाटावर स्नान करत असेल, तर घोटाळा आहे, कारण महेश्वर उत्तर तटावर आहे. ही माहिती वापरून उद्या कोणी पाठीवर पिशवी घेऊन निघेल, म्हणून असली चूक पान क्रमांकासह लिहायलाच हवी. हाच न्याय औषधोपचाराच्या आणि गावच्या इतिहासाच्या पुस्तकांना.

एरवी पुस्तक साधारण असेल, कोणाचं काही बिघडवत नसेल आणि शंभर वाचकांपलीकडे जाणार नसेल, तर त्यावर जाहीर न लिहिण्याची तुला मुभा आहे. लेखकाला खाजगी पत्र पाठव. दोन जमलेल्या जागा, दोन फसलेल्या जागा, पान क्रमांकांसह.

कादंबरी शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर सोडलीस तर किती टक्क्यांवर सोडली ते लिही आणि तारे देऊ नकोस. ताऱ्यांचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो: गुडरीड्सवर (वाचकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर) तीन तारे म्हणजे 'आवडलं', आणि ॲमेझॉनवर तेच तीन तारे प्रतिकूल अभिप्रायांत मोजले जातात. म्हणून ताऱ्यांपेक्षा शब्दांवर भर दे. कथानकाला एकूण मजकुराच्या पाव भागाहून जास्त जागा नको. सातशे शब्दांत पावणेदोनशे पुरेत. प्रत्येक मताला पुस्तकातला पुरावा जोड. 'ओघवती', 'वाचनीय', 'संग्राह्य' हे शब्द खोड आणि त्यांच्या जागी काय उरतं ते बघ. बऱ्याचदा खरं मत तिथेच सापडतं. लिहून झालं की दोन दिवस बाजूला ठेव.

कठोर लिहायची वेळ आली तर एक सीमारेषा ध्यानात ठेव, ती कायद्यातही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499 प्रमाणेच, लोकांच्या निर्णयासाठी मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणं अब्रूनुकसानीत धरलेलं नाही. लेखकाच्या स्वभावाबद्दलही बोलता येतं, पण तो पुस्तकातून दिसतो तेवढाच. त्याची नोकरी, जात, घर, पूर्वायुष्य यांना हात लावू नकोस.

परीक्षण छापून आल्यावर त्याच दिवशी लेखकाला प्रत किंवा दुवा पाठव. फोन येईल. तथ्याची चूक दाखवली तर तारीख टाकून जाहीर दुरुस्ती कर. मत बदलण्याची विनंती असेल तर शांतपणे ऐकून घे आणि मत तसंच ठेव.

गझलसंग्रह आधी घे. पानं कमी आहेत, पण मोजणीला वेळ लागेल.

तुझा,
एक जुना परीक्षक