वाचकांचे प्रश्न : थंड नूडल्सचा गोळा का होतो?

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी गॅससमोर फार वेळ उभे राहावे लागू नये, म्हणून जपानी पद्धतीच्या थंड नूडल्स ताज्या भाज्या घालून केल्या. परंतु नूडल्सचा गोळा झाला, काकडीला पाणी सुटले आणि चव फिकी लागली. सोया सॉस वाढवला तर पदार्थ नुसताच खारट झाला. काय चुकले असावे? हा पदार्थ डब्यात देता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जपानमध्ये उन्हाळ्यात ‘हियाशी चुका’ या नावाने हा पदार्थ घरोघरी होतो. गार केलेल्या गव्हाच्या नूडल्सवर काकडी, टोमॅटो, अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या रचून वरून आंबटगोड रस ओततात. आपल्याकडे त्यासाठी साध्या सुक्या हक्का नूडल्स उत्तम. मसाल्याच्या पुडीसह मिळणाऱ्या झटपट नूडल्स बहुधा तळलेल्या असतात आणि गार झाल्यावर त्या तेलकट लागतात, म्हणून त्या टाळाव्यात.

आपला पदार्थ बहुतेक धुण्याच्या पायरीवर बिघडला असावा. नूडल्स शिजताना त्यांच्यावर स्टार्चचा चिकट थर येतो, आणि त्या तशाच निथळून ठेवल्या की हाच थर वाळत जाऊन सगळ्यांचा एक गोळा करतो. दोघांसाठी 150 ग्रॅम नूडल्स दोन लिटर खळखळत्या पाण्यात शिजवाव्यात. परतण्यासाठी आपण त्या थोड्या कच्च्या ठेवतो, तशा येथे ठेवू नयेत. गार पाण्याने त्या पुन्हा घट्ट होतात, म्हणून अर्धा मिनिट जास्तच द्यावा. मग चाळणीत ओतून, नळाखाली दोन्ही हातांनी कपडे चोळावेत तशा, पण हलक्या हाताने, चोळून धुवाव्यात. पाणी आधी दुधट दिसते. ते स्वच्छ येईपर्यंत धूत राहावे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी कोमट येते, त्यामुळे शेवटचे पाणी पिण्याचे आणि बर्फ घातलेलेच असावे. नंतर नूडल्स चाळणीत दाबून पूर्ण निथळाव्यात, कारण राहिलेले पाणी रस पातळ करते. फिकेपणाचे एक कारण तेच आहे.

दुसरे कारण रसाच्या प्रमाणात आहे. थंड पदार्थातली गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून मीठ वाढवण्याऐवजी साखर आणि आंबट यांचा तोल साधावा. तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर, तीन चमचे गार पाणी आणि किसलेले आले एवढे दोघांना पुरते. जपानी तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते. आपले घाण्याचे तेल सहसा न भाजलेल्या तिळांचे असल्याने तो खमंग वास त्याला येत नाही. त्याऐवजी दोन चमचे पांढरे तीळ मंद आचेवर भाजून खलबत्त्यात भरड कुटून घालावेत. मला तर हेच अधिक आवडते.

काकडीचा बियांचा गर चमच्याने काढून लांब काड्या कराव्यात, त्यांना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्यावे. गाजर आणि कोबी कच्चेच, अगदी बारीक चिरलेले असावेत. मोड आलेले मूग मात्र नूडल्सच्या आधी त्याच उकळत्या पाण्यात दोन मिनिटे शिजवून झाऱ्याने काढावेत, कारण कच्च्या मोडांमध्ये जंतू वाढण्याचा धोका असतो. टोमॅटो वाढताना चिरावा.

तांदळाच्या नूडल्स वापरायच्या असतील तर त्या लगेच खाव्यात. फ्रिजमध्ये त्या कडक होतात.

डब्याचे म्हणाल, तर कार्यालयात फ्रिज असेल तरच तो विचार करावा, एरवी शिजलेल्या नूडल्स दोन तासांत संपवाव्यात. रस वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत द्यावा. खाण्याच्या वेळी नूडल्सवर दोन चमचे पिण्याचे पाणी शिंपडून त्या काट्याने सोडवाव्यात आणि मगच रस ओतावा.