घरी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या व्हीआर बॉक्समधून नीट दिसतं का, की विकतचाच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की विकतच्या व्हीआर बॉक्समधून, म्हणजे फोन आत घालून थ्रीडी बघायच्या डब्यातून, बघून नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं दुखायला लागलं, म्हणून आता पुठ्ठ्याचा घरी करून बघावा की अजून भारीतला आणावा. घरी करा. आणि पोरगी नाटकं करत नाहीये हे आधी सांगते, कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

माझं काम चष्म्याचं. सोळा वर्षं झाली, दिवसभर लोकांचा पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजायचा आणि काचा बसवायच्या. दादाने त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, वाढदिवसाला प्लास्टिकचा व्हीआर बॉक्स आणला, काळा, चकचकीत, डोक्याला पट्टे वगैरे. आठवड्याभरात तो बाजूला पडला आणि दादा म्हणायला लागला, ह्याला कशाचीच किंमत नाही. मी गेले तेव्हा भाच्याला म्हटलं, लाव बघू, मला दाखव कसं दिसतं ते. त्याने लावला आणि माझं लक्ष गेलं की डावा गाल वर चढलाय, डोळा घट्ट मिटला की चढतो ना तसा. विचारलं, एक डोळा मिटलायस का रे? तर म्हणे, "आत्या, दोन्ही उघडले की सगळं दोन-दोन दिसतं." म्हणजे आठवडाभर ते पोर एका डोळ्याने थ्रीडी बघत होतं आणि बाबा ओरडतील म्हणून गप्प बसलं होतं. मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी.

दादाचं निदान तयारच होतं, डोळे कमजोर झालेत. डॉक्टरांना दाखवलं, दोन्ही डोळे स्वच्छ, नंबर नाही, तिरळेपणा नाही. मग मी फोन बॉक्समधून बाहेर काढला, व्हिडिओ थांबवला (त्यात प्रत्येक डोळ्यासाठी एक अशी दोन चित्रं शेजारी-शेजारी असतात) आणि सरळ स्क्रीनवर पीडीची पट्टी ठेवली. डाव्या चित्रातल्या माणसाच्या नाकापासून उजव्या चित्रातल्या त्याच नाकापर्यंत ७५ मिलिमीटर. बॉक्सच्या दोन लेन्सच्या मध्यांमधलं अंतर ६३, आणि त्या पक्क्या चिकटवलेल्या, सरकत नव्हत्या. सगळी गोम इथेच आहे. साडेसहा इंची फोन आडवा धरला की स्क्रीन साधारण १५० मिलिमीटर लांब, साध्या प्लेअरवर शेजारी-शेजारी चित्रांचा व्हिडिओ लावला तर तो पूर्ण स्क्रीनभर पसरतो, मग दोन चित्रांचे मध्य ७५ वर जाणारच. डोळ्यांना आत वळायची सवय असते, पण एवढं बाहेर फाकणं कुणालाच जमत नाही, मग एकतर दोन-दोन दिसतं नाहीतर डोकं चढतं. भाच्याचा पीडी होता ५७, म्हणजे वरून तो लेन्सच्या मध्यातून न बघता कडेने बघत होता, तिथे चित्र पुसट होतं आणि रंगांच्या कडा सुटतात.

हे सगळं दादाला दाखवलं तर म्हणाला, कंपनीवाल्यांना अक्कल नाही आणि तू पुठ्ठे कापून त्यांच्यापेक्षा चांगलं करणार का. केलं मी.

गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड नावाचा पुठ्ठ्याचा व्हीआर बॉक्स आणला तो त्यांच्या पॅरिसच्या ऑफिसातल्या डेव्हिड कोझ आणि डेमियन हेन्री या दोघांनी बनवलेला, आणि त्याचा कापायचा नमुना सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. त्यातल्या लेन्स ४५ मिलिमीटर फोकसच्या, २५ मिलिमीटर व्यासाच्या, दोन्ही बाजूंनी फुगीर. त्याच घ्या. मी नमुन्यातली भोकं तशीच न कापता ५७ वर घेतली, मध्ये नाकाकडे उभी भिंत घातली म्हणजे एका डोळ्याला दुसऱ्याचं चित्र दिसत नाही, आणि आतून काळा कागद लावला. मग बॉक्सच्या मापांचा, म्हणजे प्रोफाइलचा, क्यूआर कोड नवा बनवला, लोक हेच विसरतात. त्या कोडमध्ये दोन लेन्समधलं अंतर आणि स्क्रीन ते लेन्स अंतर भरलेलं असतं, कार्डबोर्डवर चालणारं ॲप ते वाचून दोन्ही चित्रं बरोबर लेन्ससमोर आणतं. लेन्समुळे चित्राच्या कडा आत दबतात, म्हणून ॲप त्या कडा आधीच बाहेर फुगवून दाखवतं. हे साधा व्हिडिओ प्लेअर करत नाही, त्यामुळे प्लेअरवरचं बघून पुठ्ठ्याला नावं ठेवू नका.

स्क्रीन ते लेन्स अंतराला फार जपा. ४५ च्या लेन्सला दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे चष्म्याचा जवळजवळ एक नंबर. स्क्रीन ४२ वर आली तर मायनस दीडवाल्याला चष्म्याशिवाय छान दिसेल आणि बिननंबरवाल्याचे डोळे सतत ताणलेले राहतील. मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकेक करून घालत-काढत गेले, भाचा "आत्ता पुसट, आत्ता बरं" सांगत होता, आणि चौथ्या पट्टीला तो बोलायचाच थांबला. दोन्ही गाल सारखे. हात पुढे करून काहीतरी धरायला गेला. प्लास्टिकच्या त्या बॉक्समध्ये हे करताच येत नव्हतं, आणि माझं दादाशी भांडण तेच आहे, वस्तू चकचकीत आहे म्हणून चूक पोराची ठरत नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये वर्गणीदारांना दहा लाखांवर कार्डबोर्ड वाटले, तेही पुठ्ठ्याचेच होते.

आता थोडं राहिलेलं. फोनमध्ये जायरोस्कोप (फोन किती वळला ते ओळखणारा सेन्सर) आहे का आधी बघा, नसेल तर मान वळवली की चित्र थरथरतं, आणि बाजूला लोहचुंबकाचं बटण लावलंत तर अजूनच बिघडतं कारण ते फोनच्या होकायंत्राच्या सेन्सरवरच चालतं. घरात लहान बाळ असेल तर चुंबक नकोच, गिळलं तर जिवावर बेततं. डोक्याला पट्टा लावू नका, हातात धरून बघू दे, म्हणजे कंटाळा आला की आपोआप खाली येतो. एका वेळी दहा मिनिटं पुरे. उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन पडलं तर स्क्रीन जळते. आणि हो, बरेच हेडसेटवाले लहान मुलांसाठी वयाची अट घालतात, आणि माझं काम काचा बसवायचं आहे, डोळे तपासायचं नाही, तेव्हा दोन-दोन दिसणं बॉक्स काढल्यावरही राहिलं तर डॉक्टरांकडे न्या.

दादाचा बॉक्स अजून कपाटात आहे. त्यातल्या लेन्स काढून दे, शेजारच्या मुलीला एक पुठ्ठ्याचा करते म्हणून दोनदा मागितल्या, देत नाही.