‘फॅरनहाइट ४५१’चा अभ्यास कुठून सुरू करावा?
पुण्यात इंग्रजी साहित्याच्या परीक्षेसाठी रे ब्रॅडबरी यांची ही १९५३ची कादंबरी कशी वाचावी, असा आपला प्रश्न आहे. अप्पा बळवंत चौकातले गाईड तूर्त बाजूला ठेवा (आदल्या रात्री ते लागतेच, हे मान्य) आणि पहिल्या भागातला एक प्रसंग दोनदा वाचा. पुस्तके जाळणाऱ्या बंबवाल्यांचा कॅप्टन बीटी, आजारी म्हणून घरी राहिलेल्या मॉन्टॅग या बंबवाल्या नायकाजवळ बसून पाइप ओढत सांगतो की, पुस्तकांवरची बंदी मुळात सरकारी हुकमाने आली नाही. लोकांनीच वाचन सोडले, प्रत्येक गटाला काही ना काही खुपू लागले आणि पुस्तके आक्रसत गेली. सगळा दोष सत्तेवर टाकणारी उत्तरे नेमकी इथे घसरतात. सॅलमँडर (आगीत न जळणारा, दंतकथेतला सरडा), फिनिक्स (राखेतून पुन्हा जन्मणारा पक्षी) ही कादंबरीतली प्रतीके वर्गात शिकवली जातातच.

शेवटी पुस्तके मुखोद्गत करून जपणारी माणसे भेटतात, तेव्हा इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा लोकांच्या मुखी तरली, ही देहूची परंपरा आठवते. फरक इतकाच की मॉन्टॅगच्या वाट्याला बायबलमधल्या ‘उपदेशक’ ग्रंथाचा जेमतेम काही भाग येतो, आणि तोही त्याला धड आठवत नसतो.