डिझेल गाडी चालता चालता बंद पडली, गॅरेजवाला पंप आणि चारही नोझल बदला म्हणतोय, खरं असेल का?

म्हणजे तुमची २०११ ची गाडी वारज्याच्या पुलाजवळ दोन झटके देऊन बंद पडली, आता सेल्फ मस्त फिरतो पण गाडी धरत नाही, आणि गॅरेजवाल्याने पंधरा मिनिटांत पंप-नोझलचा निकाल लावला. तो खोटंच बोलतोय असं नाही म्हणत मी, कारण माझा पंप खरंच गेला होता. पण पंधरा मिनिटांत हे कळत नाही.

माझी गाडी २०१० ची, कॉमन रेल (म्हणजे पंप खूप दाबाने डिझेल एका जाड नळीत, रेलमध्ये, भरतो आणि तिथून ते प्रत्येक नोझलला, म्हणजे इंजेक्टरला, जातं). कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना बंद पडली. तो उतार पुण्यात कुणाला सांगायला नको, मागे ट्रक, इंजिन बंद म्हणजे स्टेअरिंग दगडासारखं जड आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबला की कडक होतो (व्हॅक्यूम संपतो म्हणून, तेव्हा असं झालं तर ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदाच दाबून धरून कडेला घ्यायचं). कशीबशी कडेला घेतली आणि मग जी चूक केली ती तुम्ही करू नका, दहा मिनिटं सेल्फ मारत बसलो. या जास्त दाबाच्या पंपाला वंगण म्हणजे आतून जाणारं डिझेलच, वेगळं ऑइल नाही, कोरडा फिरवला की आत धातू धातूवर घासतो.

खरं तर गाडी तीन-चार महिने आधीपासून सांगत होती. आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून लावली की सकाळी चार-पाच सेकंद जास्त सेल्फ लागायचा, खाली सपाटीला लावली की एका झटक्यात चालू. मी म्हणायचो बॅटरी जुनी झाली. बॅटरीचा काही संबंध नव्हता, टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता, त्यातून हवा आत जायची आणि डिझेल रात्रभर उतरून मागे टाकीत. गंमत म्हणजे खाली एक थेंब सांडलेला दिसत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत जाते. (टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत उलटं, तिथे लाइन प्रेशरखाली असते, ओल आणि वास येतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद घूं आवाज येत असेल तर तुमची त्यातली, आणि पूर्वी यायचा आता येत नसेल तर आधी फ्यूज-रिले बघा.)

आता तुमच्या गाडीचं. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. पांढरा-करडा धूर येत असेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय, काहीच धूर नसेल तर पोचतच नाही. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा, भर्रकन येत असेल तर मात्र तिथेच थांबा, टायमिंग (इंजिनचा आतला पट्टा किंवा चेन) तुटलेलं असू शकतं, मग हे सगळं बाजूला. आणि इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) दिवा लुकलुकत नाही ना, तेही बघून घ्या, हसू नका, होतं असं.

मग फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून बिसलेरीच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. बाटली उन्हात धरून हलवली आणि आत सोनेरी-चंदेरी चमचम दिसली तर पंप आतून झिजतोय, मग गॅरेजवाला बरोबर. माझ्या बाटलीत दिसली. दिवाळीच्या रांगोळीत घालतात तसली चमकी, बघूनच पोटात गोळा आला.

चमकी नसेल तर फिल्टरच्या इनलेटला नवीन पारदर्शक पाइप लावून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा, कॅन जरा उंचावर, आणि एअर (लाइनीत अडकलेली हवा) काढून सेल्फ मारा. गाडी चालू झाली तर दोष टाकीत किंवा मधल्या लाइनीत, पंपाला हात लावायचं कारणच नाही. फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या बाजूलाही पारदर्शक तुकडा लावा, फक्त तिथेच बुडबुडे येत असतील तर बहुतेक फिल्टरची रबरी रिंग नीट बसलेली नाही. तुम्ही लिहिलंय की फिल्टर हल्लीच बदलला, मला पहिला संशय तिथेच आहे.

याने नाही भागलं तर स्कॅनर. सेल्फ मारताना रेल प्रेशर किती येतं ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. साधारण दीड-दोनशे बार झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. आरपीएम शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) संशय, तो त्यामानाने स्वस्तातला. पी००८७ कोड आला म्हणजे फक्त रेल प्रेशर कमी एवढंच, पंप गेला असा त्याचा अर्थ नाही, चिरलेल्या पाइपनेही तोच कोड येतो. नोझलसाठी रिटर्न टेस्ट (नोझलमधून न वापरता परत जाणारं डिझेल मोजायचं), चार नोझलच्या रिटर्नला चार छोट्या बाटल्या लावायच्या, एक भसाभस भरली तर ती एकच खराब. माझ्या तीन सारख्या भरल्या, एक दुप्पट, म्हणून चारऐवजी एकच रिपेअर केली.

जुना मिस्त्री असेल तर नोझलचा नट सैल करून डिझेल येतंय का बघतो, जुन्या डिझेलांना चालायचं ते, कॉमन रेलला अजिबात करू देऊ नका. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, इथे शेकड्यांत, ती धार कातडीत घुसते.

पाइप मी नाना पेठेतून आणला. दुकानदार म्हणाला, "डिझेलचा देऊ का पाण्याचा? पाण्याचा स्वस्त आहे, पण मग पावसाळ्यात परत याल." डिझेलचाच घेतला. पंपाचं बिल मात्र पाइपच्या शंभरपटीच्या वर गेलं, गाडीला पंधरा वर्षं व्हायला आली होती, रीपासिंगचा (पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचा) खर्च डोळ्यासमोर होता, तरी केलं.

तुमचाही पंपच निघाला तर एक अट घाला, टाकी, लाइन आणि रेल धुतल्याशिवाय नवीन पंप बसवायचा नाही. पंपाचा चुरा रिटर्नमधून टाकीत जातो आणि तिथून परत येतो. माझी टाकी उतरवली तेव्हा तळाला चहाच्या गाळासारखा काळा थर होता आणि त्यात तीच चमकी.