जर्मनीत ब्लू कार्डावर राहत असताना अपार्टमेंट विकत घ्यावे का?

आपण लिहिले आहे की फ्रँकफर्टजवळ नोकरीला दोन वर्षे होत आली, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा मुदतीचा वास्तव्य परवाना) आहे, कायमच्या वास्तव्याचा परवाना अजून नाही, दोन खोल्यांचे अपार्टमेंट घ्यावेसे वाटते आणि घरचे मात्र ‘परक्या मुलखात पैसे घालू नकोस, त्यापेक्षा इंदूरला प्लॉट घे’ असे म्हणतात. हेच वाक्य मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर, थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलेले आहे. म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

जर्मन कायदा घर घेणाऱ्याला त्याचे नागरिकत्व विचारत नाही. परवाना पाहते ती बँक. तो मुदतीचा असला तर ती पदरची रक्कम जास्त मागते किंवा कर्ज द्यायलाच कचरते. ब्लू कार्डावर 27 महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-1 परीक्षा उत्तीर्ण असल्यास 21 महिन्यांनीच, कायमचा परवाना मागता येतो. आपण त्या उंबरठ्यावर आहात, तेव्हा आधी परवाना हातात घ्या आणि मग बँकेकडे जा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी 2016 साली डार्मश्टाटला 1,80,000 युरोंचे अपार्टमेंट घेतले. हेसेन राज्याचा खरेदी कर 6 टक्के म्हणजे 10,800 युरो, दलालाची दलाली करासकट 5.95 टक्के म्हणजे 10,710 युरो, आणि नोटार (खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) व नोंदणी मिळून सुमारे 3,200 युरो, असा किमतीवरचा खर्चच 24,700 युरोंच्या घरात गेला. डिसेंबर 2020 पासून विकणाऱ्याने नेमलेल्या दलालाची निम्म्याहून अधिक दलाली घर घेणाऱ्यावर टाकता येत नाही, त्यामुळे आपल्याला हा बोजा थोडा हलका पडेल. पण या वरखर्चासाठी बँका सहसा कर्ज देत नाहीत, तो आपल्याच खिशातून जातो. माझी त्यासाठीची रक्कम अपुरी पडत होती. बाबांनी आपली 12 लाखांची मुदत ठेव मोडून मला पाठवायचे ठरवले. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. (आता वर्षाला 10 लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच कापून घेते; तो विवरणपत्रात वळता करून मिळतो.) अडचण दादाची होती. त्याचे म्हणणे असे की परक्या देशातले घर कधीच आपले होत नसते, उद्या व्हिसा संपला की सगळे तिथेच राहील, आणि आपला म्हणावा असा एवढा वाडा इथे असताना बाबांची ठेव तिकडच्या विटांत का घालायची.

बाबा त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते आणि करारावर सह्या झाल्या त्या दिवशी नोटारच्या कार्यालयात माझ्या शेजारी बसले होते. कराराचा मसुदा दोन आठवडे आधी हातात मिळालेला होता, तरीही नोटारांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आणि माझे जर्मन तेव्हा बेताचे असल्यामुळे दुभाषी प्रत्येक कलमाचा अर्थ सांगत होत्या. बाबांनी हळूच मला विचारले, “रोकड किती द्यायची आहे?” त्यांनी आयुष्यभर दस्तावेजावर एक आकडा आणि पिशवीत दुसरा असे व्यवहार पाहिले होते. रोकड काहीच द्यायची नाही, हे त्यांना खरेच वाटेना. आधी सरकारी नोंदवहीत, म्हणजे ग्रुंडबुखात, माझ्यासाठी राखीव नोंद पडली, जेणेकरून विकणाऱ्याला तेच घर दुसऱ्याला विकता येऊ नये. मग सर्व अटी पूर्ण झाल्याचे पत्र नोटारांकडून आले आणि त्यानंतरच बँकेने पैसे सोडले. चार महिन्यांनी मालक म्हणून माझे नाव लागले. त्या नोंदीची प्रत बाबांनी बडोद्याला नेली आणि देवघराच्या कपाटात ठेवली.

आता आमच्या वाड्याविषयी सांगते. आजोबा 1987 साली गेले, पण सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजही त्यांचेच नाव आहे. वारसांची संख्या 14 झाली आहे, एक आत्या अमेरिकेत आहे, दोघे चुलत भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दर पावसाळ्यात मागची भिंत थोडी थोडी ढासळते, कारण ती कोणी बांधायची हे ठरत नाही. बाबा 2019 साली वारले आणि वर्षश्राद्धाच्या आत दादाने माझ्यापुढे हक्क कमी करण्याचा कागद ठेवला. तो म्हणाला, “तुझं घर तिकडे आहेच, मग इथे सही करायला काय हरकत आहे?” तीन वर्षांपूर्वी जे घर कधीच आपले होणार नव्हते, तेच माझा जन्माचा हक्क सोडण्याचे कारण म्हणून पुढे करण्यात आले. मी सही केली नाही आणि करणार नाही. घर आपले होते ते कागदावर आपले नाव असल्याने आणि त्या कागदामागे कायदा उभा असल्याने, मग ते बडोद्यात असो वा डार्मश्टाटला, हे मी दादाला तेव्हाही सांगितले होते.

माझ्या चुकाही सांगायला हव्यात. इमारतीतल्या मालकांच्या सभांची मागील इतिवृत्ते मी वाचली नव्हती. 2018 मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी माझ्या वाट्याला 6,800 युरो आले, आणि त्या छपराची चर्चा मी घर घेण्यापूर्वीच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहिलेली होती. आपण निदान तीन वर्षांची इतिवृत्ते मागून घ्या आणि दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते पाहा. दहा वर्षांच्या आत परत यायचा विचार असेल तर घेऊ नका, असेच मी म्हणेन: स्वतः न राहता भाड्याने दिलेले घर दहा वर्षांच्या आत विकले तर नफ्यावर कर लागतो आणि ठरलेल्या व्याजदराची मुदत संपण्याआधी कर्ज फेडले तर बँक नुकसानभरपाई मागते. मी 2023 साली बडोद्याला परतले आणि ते घर भाड्याने ठेवले आहे. परदेशी राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते, पण इथे करासाठी पूर्ण निवासी ठरल्यावर ती आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवावी लागते. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

इंदूरच्या प्लॉटविषयी मी नाही म्हणणार नाही. फक्त ज्यांनी तो सुचवला आहे, त्यांना दस्तावेज कोणाच्या नावावर होणार आणि आपण फ्रँकफर्टला असताना त्याचे कुंपण कोण पाहणार, हे आधी विचारून घ्या.