पाडव्याची साफसफाई आणि कॉम्प्युटर: तुमचे प्रश्न

प्रश्न: पाडवा आला म्हणून अख्खं घर काढलंय साफसफाईला. हॉलमध्ये देवघराच्या शेजारी मुलाचा जुना डेस्कटॉप आहे, त्यावर आता मी सोसायटीचे हिशोब करते. चालू केला की पंखा असा घोंगावतो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो आणि तासाभरात आपोआप बंद पडतो. कीबोर्डवर मागे चहा सांडला होता तेव्हापासून एंटर चिकटतो. मिस्टर म्हणतात व्हॅक्यूम क्लीनर लाव आतून. लावू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, व्हॅक्यूम क्लीनर सोफ्यासाठी ठेवा आणि तो मिस्टरांच्याच हातात द्या! त्याच्या प्लास्टिकच्या नळीतून कोरडी धूळ घासत जाते आणि त्यावर स्टॅटिक तयार होतं, स्वेटर काढताना तडतडतं ना तेच, आणि तेवढ्यानेही बोर्डावरची एखादी चिप जाऊ शकते.

तुमचं खरं दुखणं मला त्या देवघरात दिसतंय. नुसती धूळ फुंकरीने उडते हो, पण उदबत्ती-धुपाचा धूर आणि स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफ मिळून जे चिकट पुट बसतं त्यावर धूळ अशी थापली जाते की प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या (म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये अक्षरशः गोधडी तयार होते. मग हवा जायला वाव नाही, पंखा जीव तोडून फिरतो, आणि प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेला की आधी तो स्वतःच मंदावतो आणि तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. म्हणजे बहुतेक तरी बिघाड नाहीये, ते बिचारं स्वतःला वाचवतंय.

साफ कसं करायचं, तर आधी प्लगची वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचं झाकण सरकतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरचं स्टॅटिक तिथेच निघून जातं. रंगकामाचा नवा कोरा इंचभर ब्रश घ्या, ओला नको, आणि हीटसिंकवरचा तो थर हळूहळू सोडवा, मग हवा मारायचा ब्लोअर वीतभर लांबून थोडा थोडा मारा. पंख्याचं पातं मात्र बोटाने धरून ठेवायचंच. मी पहिल्यांदा नव्हतं धरलं, पंखा शिट्टीसारखा वाजायला लागला म्हणून मजा वाटली, आणि दुसऱ्या मिनिटाला एक पातं तुटून माझ्या चपलेपाशी. शिवाय हवेने फिरवलेला पंखा स्वतः थोडी वीज तयार करतो, ती बोर्डात जायला नको.

मागच्या बाजूचा पॉवर सप्लायचा चौकोनी डबा अजिबात उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जोरदार झटका देण्याएवढा चार्ज राहू शकतो. त्याला बाहेरूनच हवा मारा. एवढं करूनही बंद पडला तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप) सुकली असेल, ते काम गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला द्या. आणि कॅबिनेट देवघरापासून हलवा, तेही जमिनीवर नको, नाहीतर पुढच्या पाडव्याला हेच पत्र परत येईल!

आता कीबोर्ड. वायर काढा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा (सगळ्यांना वाटतं बटणांच्या जागा लक्षात राहतील, नाही राहत), पेपर पसरा आणि उलटा करून थोपटा. चिवड्यातले पोहे, मोहरी, केस, नखं, काय काय पडेल ते बघाच. बटणं चपट्या स्क्रूड्रायव्हरने अलगद उचलून कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवा आणि रात्रभर पंख्याखाली वाळवा. एंटर आणि स्पेसबारखाली बहुधा बारीक तार असते, ओढाताण करू नका. चहातली साखर खाली बसलीये, ती कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायची. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, अजून चिकटेल. आणि एवढं करूनही एंटर रुसलेलाच राहिला तर ४००-५०० रुपयांत नवा कीबोर्ड येतो, जीव आटवू नका.

प्रश्न: लॅपटॉपची स्क्रीन काच पुसायच्या स्प्रेने पुसली तर चालेल का? आणि त्याची बटणं पण काढून धुवू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दोन्ही नको! स्क्रीनवर पातळ कोटिंग असतं, त्या स्प्रेमधल्या अमोनिया-अल्कोहोलने ते उतरून ढग आल्यासारखे डाग पडू शकतात. लॅपटॉप बंद करा, काळ्या स्क्रीनवर धूळ नीट दिसते पण, आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं किंचित ओलं करून पुसा, पाणी फडक्यावर घ्यायचं, स्क्रीनवर नाही मारायचं. बटणांखाली नखापेक्षा बारीक क्लिपा असतात, त्या तुटल्या की कधीकधी अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो. लॅपटॉप तिरका धरून ब्रश फिरवा, बास.