अंदमानला सहा रात्री: बोट, ओहोटी आणि सव्वापाचचा सूर्यास्त

तुमचा बेत थोडक्यात असा आहे: जानेवारीच्या मध्यात सहा रात्री, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा. एजंटने लावलेला क्रम म्हणजे पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी बाराटांग (उत्तरेकडचं चुनखडीच्या गुहांचं बेट), मग हॅवलॉकला दोन रात्री, नीलला दोन, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोटीने परत येऊन दुपारचं विमान. तुम्ही विचारलंय की बाराटांग आई-बाबांना झेपेल का आणि प्राणी-पक्षी नेमके कुठे दिसतील.

आधी शेवटचा दिवस बदलून घ्या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. जानेवारीत हे क्वचित होतं, पण होतं. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतील, चुकलेल्या विमानाचे नाही. त्यामुळे विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा, आणि आधीची एक रात्र हाताशी असेल तर उत्तम. क्रम असा करा: पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर दोन. (कागदोपत्री ही नावं आता श्रीविजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत. बोटीच्या तिकिटावर दोन्हींपैकी कुठलंही दिसेल, गोंधळू नका.)

बाराटांग काढून टाका. जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर, पण प्रश्न अंतराचा नाही. जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा जिरकाटांग नाक्यावरून सकाळी सहाला सुटतो, म्हणून हॉटेल पहाटे साडेतीनच्या सुमारास सोडावं लागतं. त्या पट्ट्यात गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, म्हणजे मध्येच कुणाला लघवीला उतरायचं असेल तरी सोय नाही. पुढे गाडीसकट फेरीबोट, मग खारफुटीतून स्पीडबोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चाल, आणि परतीला हेच सगळं उलट क्रमाने. शिवाय बरेच जण गुहेपेक्षा ‘जारवा दिसतील’ या आशेने जातात. तो हेतू असेल तर जाऊच नये. जिवंत माणसं ही काही प्रेक्षणीय स्थळ नव्हेत, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे.

आता घड्याळ. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे आणि वेळ मात्र तीच, त्यामुळे सूर्य सव्वा तासाहून जास्त पुढे धावतो. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास होतो. आपल्या सवयीने जेवून, वामकुक्षी घेऊन चारला बाहेर पडलात तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचेपर्यंत उजेड उतरलेला असतो. दिवस साडेपाच-सहाला सुरू करा, जेवण बाराला उरका, दोनपर्यंत पुन्हा बाहेर पडा. राधानगर पश्चिमेला आहे, म्हणजे संध्याकाळचं; तिथलाच काला पत्थर किनारा पूर्वेला, म्हणजे सकाळचा.

दुसरी गोष्ट ओहोटी, आणि इथे कोकणातली मंडळी हमखास फसतात. तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब कोकण किनाऱ्यासाठी आहे, तो अंदमानला लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं, ते मुक्कामाच्या तारखांसाठी आधीच उतरवून ठेवा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नीलचा दगडी नैसर्गिक पूल फक्त ओहोटीलाच नीट बघता येतो. ओहोटीच्या तासभर आधी पोचलात तर खडकांच्या डबक्यांत समुद्रकाकड्या, छोटे खेकडे, अडकलेले मासे दिसतात; मुलाला पुलापेक्षा तेच आवडेल. पायाखाली शेवाळलेला, धारदार प्रवाळखडक असतो, म्हणून टाचेला पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात, साध्या स्लिपर नकोत. आई-बाबांना शेवटच्या टप्प्यात नेऊ नका, काठावर सावलीत बसवा. अष्टमीच्या आगेमागे, म्हणजे भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही, हेही लक्षात असू द्या. हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर उलटं गणित: ओहोटीला सगळा खडक उघडा पडतो, पोहायचं तर भरती हवी. ‘समुद्राला लागून रिसॉर्ट’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी हे बघा.

पोहायला राधानगर चांगलं, पण जीवरक्षक आणि झेंडे असलेल्या भागातच. शेजारची नील्स कोव्ह नावाची खाडी दिसायला शांत आणि नितळ आहे, पण 2010 मध्ये तिथेच मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खारफुटी आणि खाडीच्या मुखाशी वावरतात. सूचनाफलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही.

सेल्युलर जेलला किमान अडीच तास द्या, आणि पहिल्या दिवशी विमानाने दमला असाल तर ते पाचव्या-सहाव्या दिवसावर ढकला. 1896 ते 1906 दरम्यान बांधलेल्या सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत. प्रत्येकीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याला खूणही करता येऊ नये. कोठडी सुमारे साडेचार बाय पावणेतीन मीटर, झरोका तीन मीटर उंचीवर. दाराची कडी मुद्दाम बघा: अडसर लांब असून त्याचं टोक दारापासून दूर भिंतीतल्या कोनाड्यात जातं, गजांतून हात कितीही ताणला तरी कुलपापर्यंत पोचत नाही. ‘काळं पाणी’ म्हणजे काय ते मुलाला तिथे हात घालून बघू दिलं की कळतं. घाण्याच्या दालनात दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास खोबरेल काढायचा हिशेब सांगा. सावरकर 1911 ते 1921 इथे होते, थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे, त्यामुळे जिन्यांचा विचार करून आधी ती बघा आणि मग खाली उतरा. ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी असतो. आई-बाबांसाठी हिंदीची वेळ विचारून तिकीट काढा, डासांचं मलम जवळ ठेवा.

रॉस बेटही (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) सहाव्या दिवशी सकाळी होतं. इंग्रजांच्या कचेऱ्या, चर्च, बेकरी. 1941 च्या भूकंपानंतर सोडून दिलेली. भिंतींना झाडांच्या मुळांनी असा विळखा घातलाय की आता मुळं काढली तर भिंत पडेल. चितळ अगदी जवळ येतात, मात्र ते मूळचे इथले नव्हेत, इंग्रजांनी आणलेले.

प्राण्यांबद्दल अपेक्षा नीट ठेवा. अंदमानात वाघ-बिबटे नाहीत, एलिफंट बीचवर हत्तीही नाहीत. इथलं वैभव पक्षी आणि पाण्याखालचं जग. पक्ष्यांसाठी चिडिया टापू: शहरापासून 25 किलोमीटर, तासभराची वाट. दीडला निघा म्हणजे सूर्यास्ताआधी दोन-अडीच तास हातात राहतात. भारद्वाज दिसला तर थांबा; आपला काळाकुळकुळीत, तांबूस पंखांचा असतो, अंदमानातल्याचं डोकं आणि अंग फिकट तपकिरी. अंदमानचा काळा सुतार आणि कोतवालही तिथेच शोधा.

प्रवाळासाठी जॉली बॉयची शिफारस होते आणि ते सुंदरच आहे, पण बेटाला धक्का नाही. मोठ्या बोटीतून हलत्या लहान बोटीत, तिथून वाळूवर उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर नीलच्या भरतपूरला काचेच्या तळाची बोट घ्या. स्कूबा करणार असाल तर हॅवलॉकला पहिल्याच सकाळी उरका. विमानाआधी किमान 18 ते 24 तास डायव्हिंग नको, आणि दमा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाण्यात उतरवून घेत नाहीत.

बारीक गोष्टी: बोटीत बसण्याआधी अर्धा तास मळमळीची गोळी, मूळ ओळखपत्रं, झेरॉक्स चालत नाही, नीलला नेटवर्क आणि एटीएमचा भरवसा नाही, रोख ठेवा. वाळूतल्या सँडफ्लाय नावाच्या बारीक माशा चावतात तेव्हा जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी पाय सुजतात. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोबरेलाचा जाडसर हात फिरवा, टॉवेलशिवाय वाळूवर बसू नका.

आणि निघायच्या आदल्या रात्री मुलाचे खिसे आणि बाटलीची पिशवी झटका. प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर मेलेला सापडला तरी वन्यजीव कायद्याखाली नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो, आणि मग रांगेत उभं राहून बॅग उघडायची वेळ येते. दुकानातून शिंपल्यांची वस्तू घेतली असेल तर पावती वरच ठेवा.